अंगावरून पांढरं जातंय? आधी वास आणि खाज पाहा

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखा, तार येणारा स्राव जातो. गरोदरपणात तो वाढतो. खाज, आग, दुर्गंधी यांपैकी काहीच नसेल तर औषध नको. त्यातून ‘धातू जातो’, हाडं झिजतात, असं काही होत नाही. कंबर दुखते, थकवा येतो, तर हिमोग्लोबिन तपासा.

खाज आणि फाटलेल्या दह्यासारखा घट्ट स्राव असेल, वास जवळजवळ नसेल, तर बहुधा बुरशी आहे. क्लोट्रिमॅझोलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी रात्री योनीत ठेवतात, किंवा १०० मिलिग्रॅमची सलग ६ रात्री. हात धुवा, पाठीवर झोपून गुडघे वर घ्या, गोळी बोटभर आत सरकवा आणि पॅड लावून झोपा. पाळी सुरू असताना ठेवली तर ती रक्ताबरोबर वाहून जाते. गरोदर बाईने पोटात घ्यायची फ्लुकोनॅझोल घेऊ नये. योनीतली गोळीही डॉक्टरांना विचारून, बोटानेच ठेवावी. बुरशी पुन्हापुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासायलाच हवी.

पातळ, करडा स्राव आणि संबंधानंतर मासळीसारखा वास, हे जिवाणूंचं बिघडलेलं गणित. यात बुरशीचं औषध कितीही वापरा, उपयोग शून्य. डॉक्टर सहसा मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ ते ७ दिवस देतात. तोंडाला धातूसारखी चव येते, जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. वास तिसऱ्या दिवशी गेला म्हणून गोळ्या सोडू नका. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनासची, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या एका परजीवीची शंका घ्यावी. त्यात नवऱ्यालाही त्याच वेळी औषध लागतं, नाहीतर संसर्ग परत तुमच्याकडेच येतो.

योनीच्या आत साबण, डेटॉल, सुगंधी वॉश काही घालू नका. तिथली आम्लता चांगले जिवाणू राखतात, ते धुऊन गेले की त्रास वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज दोन दिवस थांबते, मूळ संसर्ग तसाच राहतो. सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त, किंवा पाळी कायमची गेल्यावर लाल डाग, यांपैकी काहीही असलं तर घरी थांबू नका. आतून तपासणी करून घ्या, पॅप स्मिअरबद्दल, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या चाचणीबद्दल विचारा.

आणि फक्त पांढरं जातं म्हणून गर्भपिशवी काढायला कोणी सांगितलं तर सही करू नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे, कॅन्सर होईल’ एवढं सांगणं पुरेसं नाही. तपासणीचा आणि सोनोग्राफीचा अहवाल हातात घ्या आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.