वेबसाइट मोजायची तर बांधावर चला

द्राक्षबागेतल्या फवारणीची नोंद ठेवणारी वेबसाइट आम्ही नाशिकला, कॉलेज रोडच्या ऑफिसात बनवली. तिथल्या वायफायवर ती झरझर चालायची. मग निफाडजवळच्या एका बागेत, भर दुपारी, बागवाल्या काकांच्या फोनवर उघडली, आणि ती अडखळली. तेव्हापासून वेबसाइट वापरायला किती सोपी आहे याचं मोजमाप मी बागेतूनच सुरू करते.

आधी एक काम ठरवा, आणि ते ‘झालं’ कधी म्हणायचं तेही आधीच लिहून ठेवा. मी सांगितलं, “काका, काल मारलेल्या औषधाची नोंद करा.” बटणांची नावं घ्यायची नाहीत. घड्याळ लावायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार जड जातं, पण आपण एकदा बोट दाखवलं की ती नोंद बाद. असं पाच शेतकऱ्यांकडून करून घेतलं, त्यांपैकी तिघांनी काम एकट्याने पूर्ण केलं. अहवालात ‘५ पैकी ३’ असंच लिहा. इतक्या थोड्या माणसांवर ‘साठ टक्के’ लिहिणं म्हणजे फसवणूक. उरलेले दोघे एकाच रकान्यात अडकले. आम्ही औषधाचं प्रमाण लिटरमागे विचारत होतो, ते मोजतात ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या, टाकीमागे. ऑफिसातल्या आलेखात फक्त पान सोडल्याचं दिसलं असतं, टाकी दिसली नसती.

काम संपलं की लगेच मत विचारा. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ‘सस’ (सिस्टीम युजेबिलिटी स्केल) ही वापरातली सोय मोजणारी प्रश्नावली मी वापरते: दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करा, बेरजेला २.५ ने गुणा. काकांची बेरीज २७ आली, म्हणजे ६७.५. हे शंभरपैकी गुण आहेत, टक्के नाहीत. साधारण सरासरी ६८ धरतात. सम क्रमांकाची विधानं नकारार्थी असतात, त्यामुळे ऐकणारा गोंधळतो. मराठीत सावकाश वाचा, आणि उत्तर उलटं वाटलं तर पुन्हा वाचून दाखवा.

वेगासाठी गूगलचे तीन आकडे पुरतात: पानावरचा मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, पान उघडताना मजकूर किती सरकतो हे सांगणारा आकडा ०.१ च्या आत राहावा. हे किमान ७५ टक्के भेटींत जमायला हवं, सरासरी काढून भागत नाही. तिसरा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे औषधाच्या बाटलीचा फोटो उशिरा यायचा, बटणं खाली सरकायची, आणि ‘जतन करा’वर टेकणारं बोट ‘रद्द करा’वर पडायचं. भरलेली नोंद पुसली गेली की माणूस परत वहीकडे वळतो. फोटोची जागा आधीच राखून ठेवली, तेव्हा हे थांबलं.

दुरुस्तीनंतर तेच काम, तेच शब्द, पण माणसं नवी घ्या. काकांना आता वाट पाठ झाली आहे. पुढच्या फेरीसाठी मी दिंडोरीचे पाच जण ठरवलेत, आणि रकान्यात आता टाकीचं माप आहे.