आधी बाईचं माप, मग खुर्चीचं

घरातल्या बाईसाठी खुर्ची करून घ्यायची असेल तर नक्षी, पॉलिश सगळं बाजूला ठेवा. आधी टेप घ्या आणि ती रोज नेसते त्याच साडीत तिला बसवा.

जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत मोजा. 5 फूट उंचीच्या बाईचं हे माप 15 इंचांच्या आसपास भरतं. दुकानातली खुर्ची असते 17-18 इंचांची. मग पाय लोंबकळतात, काठ मांडीत रुततो, मुंग्या येतात. बैठकीची खोलीही अशी ठेवा की पाठ टेकल्यावर काठ आणि खळी यांत तीन बोटं राहतील.

आता तिला मांडी घालायला सांगा. हे माप कोणीच घेत नाही, म्हणून सांगते. आपल्या कितीतरी बायका खुर्चीतही मांडी घालूनच बसतात. एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत मोजा, तेवढी रुंदी हवीच. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका आजींसाठी मी खुर्चीचा डावा हात काढूनच टाकला आणि उजवा 6 इंच रुंद, सपाट ठेवला. त्यावर कापूस आणि दुधाची वाटी मावते. त्या तिथेच वाती वळतात. नऊवारी नेसतात, म्हणून पाठीच्या खालच्या पट्टीत काष्ट्यासाठी फट सोडली.

बडोद्यात राहतो तर काम जवळच्या संखेडा गावच्या कारागिरांकडून करून घ्या, असं माझं ठाम मत आहे. तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागाचे पाय लेथवर फिरवतात, कथलाची चंदेरी नक्षी काढतात आणि वर लाखेचा थर चढला की तीच सोनेरी दिसते. मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणतात. मात्र गोंडे, मणी गुडघ्याच्या खालीच ठेवायला सांगा. वर असले की पदर अडकतो. मरून रंगच घ्यायला हवा असं नाही, रंग तिलाच निवडू द्या. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. गरम भांडंही ठेवू नका.

लाख सुट्या भागांवर लेथवरच चढते, त्यामुळे नंतर पाय कापता येत नाही. म्हणून आधी सुताराकडून साध्या लाकडाचा कच्चा सांगाडा करून घ्या. आठवडाभर तिला त्यावर बसून भाजी निवडू द्या, फोनवर बोलू द्या. उठताना हात कुठे टेकते ते बघा आणि मगच माप संखेड्याला पाठवा.