गोळी चालू असूनही नाडी शंभरच्या वर? या चुका टाळा

इंदूरला सुदामा नगरात माझं औषधांचं दुकान आहे. मागच्या महिन्यात सकाळी एक काका आले, हातात रुमालात गुंडाळलेलं बीपीचं मशीन. "बघ रे, बिघडलंय का हे. नाडी एकशे आठ दाखवतंय, आणि गोळी तर मी रोज घेतोय."

मशीन ठणठणीत होतं. काका पोहे-जिलेबी आणि दोन कट चहा आटोपून, तरातरा चालत आले होते. त्यांना दहा मिनिटं स्वस्थ बसवलं, तेव्हा आकडा ९४ वर आला. पण ९४ सुद्धा त्यांच्यासाठी जास्तच. त्यांच्या डायरीत महिनोन्महिने ६२, ६४, ६६ असंच लिहिलेलं. विश्रांतीत ६० ते १०० ठोके सर्वसाधारण मानतात हे खरं, पण ठोके कमी ठेवणारी गोळी घेणाऱ्याने स्वतःच्या नेहमीच्या आकड्याशी तुलना करावी, पुस्तकातल्या आकड्याशी नाही.

मग मी माझा ठरलेला प्रश्न विचारला: गेल्या आठ दिवसांत काय बदललं?

"काही नाही रे. पुण्याला लग्नाला गेलो होतो, तेवढंच."

तेवढंच नव्हतं. तिथे दोनपैकी एक गोळी संपली होती. "दोन्ही बीपीच्याच, एक तर चालू आहे ना," असं म्हणून काकांनी आठ दिवस रेटले. चालू होती ती ॲम्लोडिपिन, संपली ती मेटोप्रोलॉल.

सगळ्या गोळ्या "हार्टच्या", म्हणून सारख्या?

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल हे बीटा ब्लॉकर, ते ठोके कमी करतात. ॲम्लोडिपिन मुख्यतः रक्तवाहिन्या सैल करते. तिच्यामुळे दाब उतरतो, पण ठोके कमी होत नाहीत. उलट दाब उतरला की तो सावरायला शरीर कधीकधी हृदयाला जोरात पळवतं, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटचंही तसंच. छातीत नुसती धडधड झाली म्हणून शेजारच्या आजोबांची सॉर्बिट्रेट तोंडात टाकणारे लोक मी पाहिलेत. दाब आणखी उतरतो, ठोके आणखी वाढतात, आणि माणूस चक्कर येऊन बसतो.

बीटा ब्लॉकर अचानक बंद केला की काय होतं, हेही समजून घ्या. ॲड्रेनलीन म्हणजे हृदयाला पळवणारं संप्रेरक. ते हृदयावर ज्या जागांना चिकटतं, त्या जागा ही गोळी अडवून धरते. जागा अडल्या म्हणून शरीर हळूहळू जास्त जागा तयार करतं. गोळी एकदम थांबली की त्या सगळ्या मोकळ्या होतात आणि ॲड्रेनलीनला रान मोकळं मिळतं. ठोके आधीपेक्षाही वाढू शकतात. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे, त्यांना छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. म्हणून ही गोळी बंद करायची झाली तर डॉक्टर साधारण एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत आणतात. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन-दोन एकदम घेणं हा तर वेगळाच मूर्खपणा. काकांना मी नुसता गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) काढून दिला नाही. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी त्याच दुपारी बोलावलं.

जाता जाता एक. नावापुढे "एक्सएल" किंवा "ईआर" असलेली गोळी चावू नका, कुटू नका. ती दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते.

मोजतानाच चुकतं ते

पाच मिनिटं स्वस्थ बसा. चहा, जिना, भांडण, सगळ्यापासून अर्धा तास लांब. मनगटावर तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी जाणवते. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, की एका ठोक्याची चूक चारची होते.

ठोके वेडेवाकडे पडत असतील, कधी भरभर, कधी एखादा गायब, तर नाडी दाखवणारं स्मार्ट घड्याळ आणि बीपी मशीन दोन्ही फसू शकतात. हे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं, असू शकतं. त्यात रक्ताच्या गुठळ्या होऊन लकव्याचा धोका असतो, म्हणून "वयानं होतं असं" म्हणून सोडू नका. धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला तर निदान सोपं होतं.

हृदयाबाहेरची कारणं

इथे यादी लांब आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो, आणि लघवी होण्याची गोळी घेणारी मंडळी त्यातच निर्जळी एकादशी करतात. अंगातलं पाणी आटलं की हृदय धावणारच, आणि पोटॅशियम घसरलं तर लयही बिघडते. मात्र हार्ट फेल्युअरच्या (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेल्या) रुग्णाने मनानेच तांब्याभर पाणी वाढवू नये, त्याला प्रमाण डॉक्टरांनीच ठरवून दिलेलं असतं. ताप असेल तर दर सेल्सिअस अंशाला साधारण दहाएक ठोके वाढतात. रक्त कमी असणं, थायरॉईडच्या गोळीचा डोस जास्त होणं, दम्याचा पंप, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, हेही तपासा. सर्दीची गोळी मागताना माझ्यासारख्याला "मला बीपी आहे" एवढं सांगा, निम्मं काम तिथेच होतं.

आणि रंगपंचमी. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला राजवाड्यावर जायचं, जा. भांगेची ठंडाई मात्र हृदयरुग्णाने घेऊ नये, भांग ठोके चांगलेच वाढवते. दरवर्षी सांगतो, दरवर्षी कोणीतरी "थोडीशीच घेतली" म्हणत येतो.

मधुमेह असेल तर घाम फुटला, हात थरथरले की आधी साखर तपासा. साखर उतरल्यावर होणारी धडधड बीटा ब्लॉकरमुळे झाकली जाऊ शकते, घाम मात्र सहसा येतोच.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचे सगळे पत्ते एका पिशवीत घाला, आयुर्वेदिक पुड्यांसकट. सोबत चार दिवसांची नोंद: वेळ, ठोके, दाब, गोळी कधी घेतली. पण ही चार दिवसांची चैन फक्त बाकी सगळं ठीक असेल तेव्हा. छातीत दुखणं, दम लागणं, डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्ध पडणं, किंवा स्वस्थ बसूनही १२० च्या वर अडकलेले ठोके, यातलं काहीही असेल तर डायरी राहू द्या, १०८ ला फोन लावून ॲम्ब्युलन्स बोलवा. रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. वाटेत तोल गेला तर सावरणार कोण?