भंडारदऱ्याच्या काठावर तंबू ठोकायचा तर

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर, हाच खरा हंगाम. पावसाळ्यात धबधबे बघायला खुशाल जा, पण झोपा पक्क्या खोलीत. काजव्यांसाठी मे महिन्याचा शेवट ते पावसाने जोर धरेपर्यंतचे थोडे दिवस.

मुंबईकरांनी कसारा घाट, घोटी, बारी असे धरणाजवळचे शेंडी गाव गाठावे. पुणेकरांनी संगमनेर, अकोले, राजूर. पेट्रोल घोटीला किंवा राजूरला भरून घ्या. जलाशयाच्या वरच्या अंगाचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याच्या नाक्यावर शुल्क द्यावे लागते. रोख पैसे जवळ असू द्या, कारण मोबाइलची रेंज पुढे कुठे जाईल याचा नेम नाही. रात्रीच्या भाकरीचे गावात दुपारीच सांगून ठेवा. आणि काहीही करून चारच्या आत काठावर पोहोचा, कारण पुढचे काम उजेडातच होते.

ते काम म्हणजे जागा निवडणे. ‘तंबू अगदी पाण्याला लागून लावा, सकाळी दार उघडले की समोर तळे’ हा सल्ला फोटोपुरता ठीक आहे. 1926 साली पूर्ण झालेले हे धरण मुळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले. साठा 11,039 दशलक्ष घनफूट. चांगल्या पावसात ते ऑगस्टमध्ये काठोकाठ भरते आणि पुढे एकेक आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडायची पाण्याची पाळी, सुटेल तसे पाणी मागे सरकते. म्हणजे जानेवारीत जो ‘किनारा’ दिसतो तो काल-परवापर्यंत तळ होता. वर उन्हाने तडकलेला पापुद्रा, खाली लोण्यासारखा गाळ. माणूस घोट्यापर्यंत रुततो, गाडी चाकाच्या आसापर्यंत, आणि मग ट्रॅक्टर आणल्याशिवाय सुटका नाही. रात्रीत पाणी चढेल ही भीती हिवाळ्यात उगाच असते. धोका पाण्यापेक्षा गाळाचा.

म्हणून आधी भरल्या धरणाची खूण शोधा. वाळक्या काटक्या, पालापाचोळा, वाहून आलेल्या बाटल्या यांची एक ओळ काठाला समांतर गेलेली असते आणि तिच्या वर झुडपे सुरू होतात. तंबू त्या ओळीच्या वर. मग टाच जोरात रोवून बघा. मुरूम असेल तर टाच करकरते आणि थांबते. जमीन दबली आणि खळग्यात ओल दिसली तर जागा सोडा. मागे सरकलेल्या पाण्यालगत हिरवे पट्टे दिसले तर ते गवत समजू नका. ती गाळपेर असते, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी, कुणाच्या तरी हरभऱ्याची नाहीतर मसुराची. भाताच्या खाचरात मालकाला विचारून तंबू लावता येतो, पण कापणीनंतरची धसकटे तंबूचा तळ फाडतात; आधी ती उपटावी लागतात.

खोलगट जागा उबदार वाटते, असते उलटी. रात्री थंड हवा उतारावरून घरंगळत खाली येऊन तिथेच साचते आणि दव सगळ्यात जास्त तिथेच पडते. पाण्यापासून दोन-तीन पुरुष उंचीवरचा सपाट टप्पा निवडा. ओढ्याच्या पात्रात नको, वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली नको. धरणाच्या खाली प्रवरेच्या पात्रात तर मुळीच नको. रंधा धबधब्याच्या बाजूला कोरडे, गुळगुळीत खडक मोहात पाडतात, पण वरून पाणी सोडले की पात्र बघता बघता भरते.

दार पाण्याकडे असावे हाही हट्ट नको. अंधार पडल्यावर वारा बहुधा डोंगराकडून पाण्याकडे वाहतो. तंबूची अरुंद बाजू त्याच्या तोंडाला द्या. खुंटी तंबूपासून बाहेर कलती ठोका. तंबूबरोबर मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या इथल्या मुरुमात वाकतात, लोखंडी न्या. खाली खडक लागला तर दोरीवर नुसता दगड ठेवून भागत नाही. दोरी एका दगडाला गुंडाळून बांधा आणि त्याच्या पुढे दुसरा मोठा दगड टेकवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो खालच्या प्लास्टिकच्या कागदाने. तो तंबूच्या तळापेक्षा वीतभरही बाहेर राहिला की बाहेरच्या आवरणावरून ओघळणारे दव त्यावर जमते आणि थेट अंथरुणाखाली येते. लोक म्हणतात तंबू गळतो! कागद चारही बाजूंनी चार बोटे आत दुमडा. थंडी वाजते म्हणून हवेच्या खिडक्या बंद करू नका. श्वासाची वाफ छताला लागून पहाटे तोंडावर ठिबकते.

शेकोटी, ज्याच्या जागेत तंबू आहे त्या यजमानाने दाखवलेल्या जागीच, लाकूड त्याच्याकडून विकत. जंगलातली काटकीही उचलू नका.

पोहायला उतरू नका, पट्टीचे पोहणारे असलात तरी. पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढच्या पावलाला तळ लागत नाही, आणि परतताना पाय गाळात अडकतात. नावेत बसायचे तर लाइफ जॅकेट मागून घ्या, नसेल तर बसू नका.

सकाळी जलाशयाला प्रदक्षिणा: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, शेंडी. सहा तास हाताशी ठेवा. घाटघरचा कोकणकडा आणि रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर चुकवू नका. सांदण दरीत उतरायचे तर तो वेगळा दिवस आणि साम्रदचा वाटाड्या. निघण्यापूर्वी तंबूचे बाहेरचे आवरण काढून उलटे करून वाळवा. घाईत ओलेच गुंडाळले असेल तर घरी पोहोचताच दोरीवर टाका, नाहीतर चार दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते धुऊन जात नाहीत.