आरसी विमान शिकताय? आधी ओरिएंटेशन, मग बाकी सगळं

पहिलं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं विमान म्हणून जेट किंवा स्पिटफायरसारखं फायटर घेऊ नका, दिसायला कितीही भारी असलं तरी. हाय-विंग ट्रेनर घ्या, म्हणजे पंख बॉडीच्या वर आणि टोकांकडे किंचित वर उचललेले, असं विमान रिमोटवरची स्टिक सोडली की बऱ्यापैकी आपोआप सरळ होतं. मटेरियल ईपीपी (एक लवचिक फोम) असेल तर उत्तम, आपटलं तरी लवचिक असतं आणि तुटलं तर चिकटवून परत उडतं.

पण खरा खर्च वेळेचा करायचा तो सिम्युलेटरवर, म्हणजे स्क्रीनवर विमान उडवायच्या सरावावर. पिकासिम नावाचं सिम्युलेटर फुकट मिळतं, जमलं तर तुमचाच रिमोट केबलने जोडा. कारण नवशिक्यांची विमानं बहुतेक वेळा पडतात ती ओरिएंटेशन, म्हणजे विमानाचं तोंड कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज, चुकल्यामुळे. विमान तुमच्यापासून लांब जातंय तोवर सगळं सोपं, पण वळून तुमच्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि हात चुकीच्या बाजूला जातो. यावर एकच युक्ती पाठ करा: विमान तुमच्याकडे तोंड करून येत असेल तर जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला स्टिक ढकलायची. विचार न करता हात तसा जायला लागेपर्यंत सिम्युलेटर सोडू नका, खरंच सांगतो.

मैदानावर जाण्याआधी सीजी, म्हणजे विमानाचा तोल साधणारा गुरुत्वमध्य, तपासा. ट्रेनरमध्ये तो साधारण पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 33 टक्क्यांवर असतो, मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा. दोन बोटांवर त्या जागी विमान तोलून बघा, शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा, शेपूट जड असलेलं विमान सावरणं नवशिक्याला जमत नाही. मग स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर येतंय ना, स्टिक मागे ओढली की एलिव्हेटर (शेपटीवरची आडवी हलणारी पट्टी) वर येतोय ना, हे दरवेळी बघायचं. घरी टेस्ट करताना प्रॉपेलर काढूनच ठेवा, तो बोट कापू शकतो. चालू करताना आधी रिमोट मग विमानाची बॅटरी, बंद करताना बरोबर उलटं.

जागा मोकळी हवी, पीक निघालेलं शेत किंवा माळरान मालकाला विचारून, आणि डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटच्या नकाशावर ती ग्रीन झोनमध्ये आहे का ते बघूनच. विमानतळाजवळ तर अजिबात नको. आपल्याकडे दिवाळीनंतरच्या सकाळी बेस्ट, ऊन चढलं की वारा आणि थर्मल्स (वर चढणारे गरम हवेचे झोत) दोन्ही वाढतात. संक्रांतीच्या आसपास मात्र मांजा बघा, आणि वर घारी फिरत असतील तर थोडं थांबा, त्या कधीकधी विमानावर झडप घालतात.

टेकऑफ नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. फुल थ्रॉटल (मोटरचा जोर), पंख सरळ ठेवून फेकायला जाणकार माणूस असेल तर फार बरं, तुमचे दोन्ही हात रिमोटवर राहतात. आधी उंची घ्या, सुमारे 30-40 मीटर, म्हणजे चुकलं तर सावरायला वाव राहतो. विमान सूर्यासमोर आणि तुमच्या डोक्यावरून मागे जाऊ देऊ नका. वळणं मोठी आणि सावकाश. वेग कमी झालाय आणि नाक खाली जातंय म्हणून घाबरून स्टिक मागे ओढली की स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान पडायला लागतं, तेव्हा स्टिक थोडी पुढे द्या, थ्रॉटल वाढवा, वेग आला की मग हळूच सरळ करा.

टायमर 5 मिनिटांचा लावा, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण संपवायची नसते, प्रति सेल 3.6-3.7 व्होल्ट उरलेली असताना उतरवा. लँडिंगलाही वाऱ्याकडेच तोंड, थ्रॉटल हळूहळू कमी, एलिव्हेटरची स्टिक हळूच मागे ओढायची ती फक्त शेवटच्या हातभर उंचीवर. पहिल्या वेळी लँडिंग जमलं नाही तर थ्रॉटल देऊन वर जा आणि परत या, म्हणूनच चार्ज थोडा राखून ठेवायचा. घरी आल्यावर बॅटरी प्रति सेल 3.8 व्होल्टला स्टोअर करा, फुगलेली दिसली तर परत चार्ज करू नका, आणि चार्जिंगला लावून झोपी जाऊ नका.