माउसची बॉडी घरच्या घरी कशी बदलावी

गेल्या जूनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा माउस हाताला चिकटायला लागला. पहिले दोन पाऊस झाले आणि वरचा काळा मऊ थर गूळ पाघळावा तसा झाला. अंगठा ठेवला की ठसा उमटायचा, वहीवर काळे डाग पडायचे. डाव्या बटणाच्या मुळाशी तडाही गेला होता. क्लिक मात्र खणखणीत होतं आणि पॉइंटर सरळ चालत होता. ती नवीन माउस मागवायला निघाली होती. मी म्हटलं, "मला एक शनिवार दे." तो माउस आजही तिच्या टेबलावर चालतोय, फक्त बॉडी दुसरी आहे.

हा चिकटपणा मुंबईत बऱ्याच माउसना येतो आणि तो मळ नसतो. हाताला मखमली लागावं म्हणून प्लास्टिकवर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. हवेतला ओलावा आणि हाताचा घाम त्यात मुरतो, थराची रासायनिक साखळी तुटत जाते आणि तो चिकट होतो. पुसून तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. नुसता चिकटपणा असेल, तडा नसेल, तर बॉडी बदलू नका. माउस बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या सुती कापडाने सगळा थर घासून काढा. अर्धा तास जातो आणि खालचं साधं प्लास्टिक मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र लावू नका. त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असतं आणि माउसची बॉडी ज्या एबीएस प्लास्टिकची असते ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं.

बॉडी तडकली असेल, बटण मुळातून तुटलं असेल किंवा स्क्रू धरणारा प्लास्टिकचा खांब मोडला असेल, तरच पुढचा खटाटोप करा. आधी जुन्याच बॉडीत सगळं तपासून घ्या: दोन्ही बटणं, चाक वर-खाली, चाकाचं क्लिक, पॉइंटर. एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होत असेल तर तो दोष आतल्या छोट्या स्विचचा असतो, नवीन बॉडीने तो जात नाही. चार्जिंगच्या वायरलेस माउसची बॉडी आपोआप फुगून फट पडली असेल तर आतली लिथियम बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता असते. मग तो माउस वापरू नका, चार्जिंगला लावू नका, दाबून बंद करायचा प्रयत्नही करू नका. तिथे बदलायची असते ती बॅटरी, आणि तेही जाणत्या माणसाकडून.

बॉडी आणायची कुठून

माउस उलटा करा, खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर मोबाइलने टिपून घ्या. गेमिंगच्या काही लोकप्रिय माउसच्या सुट्या बॉडी ऑनलाइन मिळतात. ऑफिसातल्या साध्या माउसची सुटी बॉडी सहसा कुणी विकत नाही. त्यासाठी माझा रस्ता ठरलेला आहे: ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि पूर्वेला लॅमिंग्टन रोडपर्यंत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारापर्यंत, चालत जायचं. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी कुणालाही विचारा, १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचंच नाव तोंडी आहे. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

तिथे "माउसची बॉडी आहे का?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "बॉडी नाही मिळत साहेब, नवीनच घ्या." प्रश्न बदलून विचारा: "ह्याच मॉडेलचा बंद पडलेला पीस आहे का?" रिपेअरिंगवाल्या दुकानांत वायर तुटलेले, बोर्ड जळलेले माउस पडून असतात आणि त्यांची बॉडी बऱ्याचदा धडधाकट असते. बहिणीच्या माउससाठी मला तिसऱ्या दुकानात असा एक मिळाला. आपला माउस सोबत न्याच. नाव एकच असलं तरी कंपन्या मधूनच आतला बोर्ड बदलतात, मग स्क्रूची भोकं जुळत नाहीत. दोन्ही माउस शेजारी उलटे ठेवून खालच्या पायपट्ट्या, सेन्सरचं भोक आणि वायर बाहेर येते ती जागा सारखी आहे का बघा. बाहेरून एवढं जुळलं तर आतूनही बहुतेक जुळतं.

उघडताना

लागणारं सामान थोडकं आहे: पीएच ० आणि पीएच ०० टोकाचे बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर, चिमटा, जुनं एटीएम कार्ड, हेअर ड्रायर, दाबून हवा मारायचा रबरी फुगा आणि स्क्रू ठेवायला स्टीलची ताटली. पंखा बंद करा. उकडेल, पण आत नखाएवढ्या स्प्रिंग असतात, शिवाय उघड्या सेन्सरवर धूळ उडते. घामाचे हात सारखे पुसत राहा. बोर्डाला हात लावायच्या आधी नळाच्या धातूच्या तोटीला एकदा बोट टेकवा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

माउसची वायर कॉम्प्युटरमधून काढून ठेवा. सेलवर चालणारा माउस असेल तर सेल काढा. आता स्क्रू शोधायचे, आणि इथेच बहुतेक जण माउस मोडतात. स्क्रू वरून दिसत नाहीत. ते खालच्या गुळगुळीत पायपट्ट्यांखाली, स्टिकरखाली किंवा सेलच्या खणात लपलेले असतात. स्टिकरवरून बोट दाबत न्या, खड्डा लागेल तिथे स्क्रू असतो. पायपट्टीवर हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर अर्धा मिनिट फिरवा, गोंद मऊ झाला की कार्डाच्या कोपऱ्याने ती हळूहळू उचला. घाई केली तर ती दुमडते आणि दुमडलेली पट्टी पुन्हा सपाट बसत नाही.

स्क्रू निघाल्यावरही बॉडी सुटणार नाही, कारण कडेने प्लास्टिकची लॉक असतात. मागच्या बाजूने, जिथे तळवा टेकतो तिथून, कार्ड फटीत घाला आणि पुढे सरकवत न्या. टक् टक् आवाज येईल. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा, एखादा स्क्रू राहिलेला असतो.

वरचा भाग सुटला तरी झटक्याने उचलू नका. बऱ्याच माउसमध्ये वरच्या बटणांचा छोटा बोर्ड पट्टीसारख्या पातळ वायरीने खालच्या बोर्डाला जोडलेला असतो. वहीसारखं उघडा आणि आधी आत डोकवा. जोडणी काढायची तर प्लास्टिकचा कनेक्टर चिमट्यात धरा, वायर ओढू नका. काही पट्ट्यांच्या कनेक्टरला वर उचलायची बारीक झडप असते, ती आधी उघडावी लागते. प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा. स्क्रू ताटलीत जसे निघाले त्याच मांडणीत ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो थेट बॉडीतून बाहेर येतो.

आतलं सामान हलवताना

चाक आधी काढा. ते कुठल्या बाजूने एन्कोडरच्या (चाकाचं फिरणं ओळखणारा बोर्डावरचा भाग) षटकोनी भोकात बसलंय आणि त्याखालची स्प्रिंग कशी आहे, हे नीट पाहून ठेवा. चाकाच्या आसावर थोडं ग्रीस दिसेल, ते पुसू नका. मग बोर्डाचे स्क्रू काढून बोर्ड कडेला धरून सरळ वर उचला. वायर बॉडीच्या नागमोडी खाचेत अडकवलेली असते. नवीन बॉडीत ती तशीच बसवायची, नाहीतर वायरीला बसलेला प्रत्येक हिसका थेट बोर्डावर जाईल.

बोर्डाखाली पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा असतो. तो सेन्सरची लेन्स. ती कधी बोर्डाला चिकटून येते, कधी जुन्या बॉडीतच राहते, आणि तिथेच राहून कचऱ्यात जाते. लेन्सशिवाय माउसला काही दिसत नाही. तिला कडेने धरा, मधल्या भागाला बोट लावू नका. धूळ फुग्याच्या हवेने उडवा, तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. लेन्सजवळ फेविक्विकसारखा झटपट गोंद मुळीच वापरू नका. त्याची वाफ आसपासच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसून पांढरा धुरकट थर तयार करते. मोडका खांब चिकटवायचाच असेल तर लेन्स दुसऱ्या खोलीत ठेवून चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या.

लेन्स, बोर्ड, मग चाक, या क्रमाने नवीन बॉडीत बसवा. बोर्ड बॉडीतल्या खुंट्यांवर आपसूक बसला पाहिजे, दाबावा लागत असेल तर काहीतरी तिरकं आहे. प्लास्टिकमध्ये स्क्रू पिळताना आधी तो उलटा, डावीकडे फिरवा. हलकासा टक् असा धक्का जाणवेल, म्हणजे स्क्रू जुन्या आट्यांत पडला. मग उजवीकडे पिळा. असं केलं नाही तर स्क्रू नवे आटे कापतो आणि दोन-तीनदा उघडल्यावर खांब पोकळ होतो. स्क्रू टेकला की थांबा.

क्लिक जुळवणं

मला या कामात सर्वांत जास्त गोडी या टप्प्याची आहे. क्लिकचा आवाज आणि उडी बोर्डावरच्या स्विचची असते. चांगले स्विच १ कोटी, २ कोटी, काही तर ५ कोटी दाबांसाठी बनवलेले असतात. पण बोटाला जे जाणवतं त्यातलं निम्मं बॉडी ठरवते. बटणाच्या आतल्या बाजूला एक छोटी खुंटी असते, ती स्विचच्या टोपीवर टेकते. खुंटी आणि टोपी यांत अंतर जास्त असलं की बटण आधी पोकळ खाली जातं, मग क्लिक होतं, आणि दिवसभर काम करणाऱ्याला ते लगेच खटकतं. खुंटी घट्ट टेकली तर उलट होतं, बटण स्वतःहून दाबलेलं राहतं.

म्हणून सगळे स्क्रू लावायच्या आधी दोन्ही अर्ध्या भागांना नुसतं जोडून बटणं दाबून बघा. अंतर असेल तर खुंटीच्या टोकावर सेलोटेपचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा लावा आणि पुन्हा दाबा. कमी वाटला तर दुसरा थर द्या. एकाच वेळी तीन थर लावू नका, स्विचची हालचाल मिलिमीटरच्या अंशात असते. खुंटी घट्ट बसत असेल तर बारीक पॉलिश पेपरवर तिला दोन-तीनदाच घासा आणि प्लास्टिकचा कण स्विचमध्ये पडू देऊ नका. बहिणीच्या माउसला डावीकडे एक थर लागला, उजवीकडे काहीच नाही. तिचा डोळा या बाबतीत माझ्याहून तीक्ष्ण नसेल, पण बोट आहे. ती दाबून "हो, आता बरोबर" म्हणेपर्यंत मी बॉडी बंद केली नाही. ज्याचा माउस त्याच्याच बोटाने हे जुळवा.

पायपट्ट्या शेवटी. त्या नीट निघाल्या असतील तर तशाच बसवा, नाहीतर टेफ्लॉनच्या नव्या घ्या. इथे जाडीला महत्त्व आहे. ऑप्टिकल माउसचा सेन्सर टेबलाचे सेकंदाला हजारांहून जास्त फोटो काढतो आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करून हालचाल ओळखतो. त्याची लेन्स ठराविक अंतरावरच नीट बघू शकते, कित्येक सेन्सरसाठी हे अंतर साधारण २.४ मिलिमीटर ठरवलेलं असतं. जुन्या पट्टीवर नवी चिकटवली, किंवा खाली जाड स्टिकर राहिला, की माउस उचलला जातो आणि पॉइंटर अडखळायला लागतो. जुना गोंद अल्कोहोलने साफ करूनच नवी पट्टी लावा.

बंद पीस अजिबात मिळाला नाही तर? १९६४ मध्ये डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बांधला, तेव्हा त्याची बॉडी लाकडाची होती, वर एक बटण आणि खाली दोन चाकं. लेन्सचं अंतर आणि बटणाची खुंटी एवढं सांभाळलं तर बॉडी कशाचीही चालते. थ्रीडी प्रिंटिंग करणारे लोक काही मॉडेलच्या बॉडी छापून देतात. जुन्या बॉडीचा खालचा भाग शाबूत असेल तर तोच ठेवा, फक्त वरचा छापून घ्या. सेन्सरचं मोजमाप खालच्या भागात असतं, त्याला हात न लावलेला बरा.

आता माउस जोडा. एखाद्या अक्षरावर डबल क्लिक करून शब्द निवडला जातो का बघा. फाइल धरून स्क्रीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ओढा, मधे सुटली तर बटण पूर्ण दाबलं जात नाहीये. चाक हळू फिरवा, पान उलट्या दिशेला उडी मारत असेल तर चाकाचा आस एन्कोडरमध्ये अर्धवट बसलाय, पुन्हा उघडा. माउस कानाजवळ धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर तो सुटा स्क्रू आहे, आणि तो बोर्डावर पडून शॉर्ट होण्याआधी शोधलाच पाहिजे. ताटली रिकामी आहे ना, तेही एकदा बघा.