आयटीचे काम बाहेर देताय? आउटसोर्सिंग आणि मॅनेज्ड सर्व्हिसेस निवडताना या चुका टाळा

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ किंवा मालवण येथील एखादा व्यावसायिक संगणकाची कामे बाहेर द्यायचे ठरवतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘महिन्याला किती पडतील?’ हाच असतो. दर विचारण्यात काहीच गैर नाही. मात्र त्याआधीचा एक प्रश्न हमखास राहून जातो: यंत्रणा बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी कोणाची, किती वेळात आणि कोणाच्या खर्चाने? आंबा-काजूचे निर्यातदार, मासळी प्रक्रिया करणारे कारखाने, पतसंस्था आणि हॉटेले यांच्याकडे संगणक-यंत्रणेचे काम करताना मी त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्या आहेत की, त्या एकदा सविस्तर लिहून काढणे मला गरजेचे वाटते.

दोन्ही एकच आहे असे समजणे

आउटसोर्सिंगमध्ये आपण एखादे ठरावीक काम बाहेरच्याकडून करून घेतो. वेबसाइट बांधणे, जुन्या हिशेबाची माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेणे, काजू कारखान्यातील हंगामी कामगारांचे पगारपत्रक तयार करणे, ही अशी कामे होत. कामाची व्याप्ती आपण ठरवतो, झालेले काम आपणच तपासतो आणि पैसे त्या कामाचे किंवा माणसांच्या तासांचे देतो. मॅनेज्ड सर्व्हिसेस हाही मुळात काम बाहेर देण्याचाच प्रकार आहे, परंतु तेथे आपण काम नव्हे तर यंत्रणा चालू ठेवण्याची सततची जबाबदारी सोपवतो. सर्व्हर, नेटवर्क आणि संगणकांवर नजर ठेवणे, अपडेट वेळेवर घालणे, बॅकअप सांभाळणे, बिघाड होण्याआधी त्याची चाहूल घेणे, आणि हे सर्व दरमहा ठरलेल्या रकमेत व लेखी एसएलएच्या (सेवेचा दर्जा आणि मुदती ठरवणाऱ्या कराराच्या) चौकटीत करणे, हे त्या कंपनीचे काम असते.

तारकर्लीच्या एखाद्या हॉटेलाला आपली खोल्यांची नोंदणी प्रवासी पोर्टलांशी जोडायची असेल, तर ते एकदा करून संपणारे काम आहे आणि ते आउटसोर्स करावे. त्याच हॉटेलातील वाय-फाय, बिलिंग काउंटर आणि सीसीटीव्ही नाताळच्या गर्दीत रात्री नऊ वाजताही चालू राहायला हवे असतील, तर ती मॅनेज्ड सर्व्हिसची गरज आहे. प्रत्यक्षात मी उलटेच अधिक पाहिले आहे. मासिक देखभाल करणाऱ्या कंपनीकडे प्रोग्रॅमिंगचे काम जाते आणि ते अर्धवट रखडते. वेबसाइट करून देणाऱ्या तरुणावर वाय-फायची जबाबदारी येते आणि तो रात्री फोन उचलत नाही. यात दोष त्या दोघांचा नसतो, त्यांना चुकीचे काम देणाऱ्याचा असतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या कार्यालयात पाच-सात संगणक आहेत आणि बहुतेक काम क्लाउडवर चालते, तेथे महागड्या मासिक कराराची गरज नसते. गावातला एक भरवशाचा तंत्रज्ञ आणि मालकाची स्वतःची शिस्त तेथे पुरेशी ठरते.

एएमसीलाच मॅनेज्ड सर्व्हिस मानणे

वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, ही बिघाड झाल्यावर दुरुस्ती करण्याची व्यवस्था आहे. अनेक पुरवठादारांनी तोच कागद नव्या नावाने आणि वाढीव दराने विकायला सुरुवात केली आहे. ओळखायची माझी पद्धत सोपी आहे: ज्या महिन्यात काहीच बिघडले नाही त्या महिन्यात तुम्ही काय केले, हे त्यांना विचारावे. खऱ्या मॅनेज्ड सर्व्हिसवाल्याकडे अहवाल असतो. कोणत्या संगणकावर अपडेट अडला, कोणती डिस्क भरत आली, कोणत्या यूपीएसची बॅटरी उतरली, हे त्यात दिसते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती तारीख येण्यापूर्वी आपल्या पुरवठादाराने न विचारता जुन्या संगणकांची यादी समोर ठेवली होती का, एवढे आठवून पाहिले तरी आपण कशाचे पैसे देत आहोत ते समजेल.

चाव्या दुसऱ्याच्या हातात ठेवणे

ही चूक मला सर्वांत अधिक खटकते, कारण ती टाळायला एक पैसाही लागत नाही. डोमेन (म्हणजे वेबसाइट व ईमेलचे इंटरनेटवरचे नाव), ईमेलचे ॲडमिन खाते, राउटर व फायरवॉलचे (बाहेरून होणारी घुसखोरी अडवणाऱ्या यंत्रणेचे) पासवर्ड आणि सॉफ्टवेअरचे परवाने हे सारे पुरवठादाराच्या नावावर नोंदलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

एका आंबा निर्यातदाराची गोष्ट सांगतो. त्यांची वेबसाइट आणि ईमेल बाहेरगावच्या एका तरुणाने करून दिले होते, काम चांगले होते आणि दरही वाजवी होता. डोमेनची नोंदणी मात्र त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने केली होती, त्यामुळे नूतनीकरणाच्या सूचना त्यालाच जात राहिल्या. दरम्यान त्याने नोकरी धरली, फोन नंबर बदलला आणि तो ईमेल पाहणे सोडून दिले. मुदत संपली ती नेमकी एप्रिलमध्ये, हापूसचा हंगाम भरात असताना. कंपनीचे ईमेल एका सकाळी बंद पडले. आखातातील ग्राहकांच्या ऑर्डरी परत जाऊ लागल्या आणि काहींनी कंपनी बंद झाली असावी असे समजून दुसरीकडे मागणी नोंदवली. रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला, फोन केला तर त्याने नियमाप्रमाणे सांगितले की, नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याशीच तो बोलेल. मालक बिले दाखवत होते, जीएसटीची नोंदणी दाखवत होते, पण कागदोपत्री ते डोमेन त्यांचे नव्हतेच.

डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्रारच्या धोरणानुसार काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर ३० दिवस जादा शुल्क भरून ते परत मिळवता येते, मग ५ दिवसांत ते पुसले जाते आणि कोणीही विकत घेऊ शकतो. सुदैवाने तो तरुण नातेवाइकांमार्फत सापडला, त्याने सौजन्याने सहकार्य केले आणि डोमेन वाचले. हंगामाचे नुकसान मात्र भरून आले नाही.

खरी चूक त्यानंतर झाली. मालकांनी आउटसोर्सिंगलाच दोष दिला, एका मोठ्या कंपनीशी मॅनेज्ड सर्व्हिसचा करार केला आणि त्या कंपनीच्या सोयीसाठी डोमेन, ईमेल व क्लाउड अशी सगळी खाती तिच्या नावावर करायला ते निघाले. तो कागद सहीआधी माझ्याकडे वाचायला आला म्हणून ते थांबले. पद्धत कोणतीही निवडा, मालकी आपल्याकडेच राहिली पाहिजे. डोमेन कंपनीच्या नावावर हवे आणि नोंदणीचा ईमेल त्या डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो. मुख्य ॲडमिन खाते मालकाकडे आणि रोजच्या कामाचे वेगळे ॲडमिन खाते पुरवठादाराकडे असावे. मी स्वतः या सर्व खात्यांची यादी कागदावर लिहून पाकिटात बंद करून मालकाच्या तिजोरीत ठेवायला लावतो आणि दर सहा महिन्यांनी ती उघडून प्रत्येक खात्यात शिरता येते का ते पाहतो. ‘पासवर्ड काय, मागाहून बघू’ असे म्हणणाऱ्यांशी मी काम सुरूच करत नाही.

‘बॅकअप आहे’ एवढ्यावर समाधान मानणे

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्याआधी जुलै २००५ मध्येही या शहराने महापूर पाहिला होता, त्यामुळे पाणी येऊ शकते हे कोणालाच नवे नव्हते. तेथील एका घाऊक व्यापाऱ्याचा सर्व्हर तळमजल्यावरच्या कार्यालयात होता. देखभालीचा करार होता, मासिक बिल वेळेवर भरले जात होते आणि करारात ‘दररोज बॅकअप’ असे स्वच्छ लिहिलेले होते. पूर ओसरल्यावर मी तेथे गेलो, तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल होता. मी बॅकअपबद्दल विचारले. ‘अहो, आहे ना, डिस्क टेबलाच्या खणात आहे,’ असे ते म्हणाले. ते टेबल सर्व्हरच्या शेजारीच होते आणि खणातून पाणी गळत होते.

पुरवठादाराने करार दाखवला. दररोज बॅकअप घ्यायचा होता आणि तो घेतला जात होता. प्रत कोठे ठेवायची, ती परत उतरवून कोण पाहणार आणि किती तासांत काम पुन्हा सुरू करायचे, याबद्दल त्या कागदावर एक ओळही नव्हती. कायद्याने तो बरोबर होता आणि व्यापाऱ्याची उधारीची खाती गेली होती. त्यांनी ती पुढे जुन्या बिलांच्या ओल्या प्रतींवरून आणि ग्राहकांच्या प्रामाणिकपणावर विसंबून पुन्हा उभी केली.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. कोकणात मी ‘दुसरे ठिकाण’ याचा अर्थ घाटावरचे शहर किंवा क्लाउड असाच घेतो. शेजारच्या गल्लीतील घर हे दुसरे ठिकाण नव्हे, कारण नदी दोन्हीकडे एकाच दिवशी येते. रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, विचार करता एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी. करारात दोन आकडे लिहून घ्यावेत: जास्तीत जास्त किती तासांची नोंद गमावलेली चालेल आणि जास्तीत जास्त किती तासांत काम पुन्हा सुरू व्हावे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी कोणतीही एक जुनी फाइल निवडतो आणि ती बॅकअपमधून काढून द्यायला सांगतो. जो पुरवठादार ती तासाभरात देतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. जो ‘सिस्टीममध्ये हिरवे दिसते आहे’ असे सांगतो, त्याला मी पुन्हा फाइलच मागतो.

एसएलए न वाचता सही करणे

‘चार तासांत प्रतिसाद’ याचा अर्थ चार तासांत कोणीतरी फोन करील एवढाच असतो. दुरुस्तीची मुदत वेगळी लिहून घ्यावी लागते. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे बंद, तर ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटे. दिसायला फरक एका टक्क्याहून कमी आहे, पण ज्या कारखान्याला ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, त्याला नाशवंत मालासह सात तास थांबणे परवडत नाही. शिवाय सेवेचे तास पाहावेत. सोमवार ते शुक्रवार दहा ते सहा ही वेळ हॉटेलाच्या उपयोगाची नाही, आणि गणपतीच्या दिवसांत ड्युटीवर कोण असणार हे नावानिशी विचारावे.

तंत्रज्ञ कोल्हापूर, कऱ्हाड किंवा पुण्याहून येणार असेल, तर पावसाळ्यात तो येऊ शकेलच असे गृहीत धरू नये. आंबा, कुंभार्ली, करूळ किंवा आंबोली घाटात दरड कोसळली की एसएलएमधील तास कागदावरच राहतात. म्हणून एक जादा राउटर, एक नेटवर्क स्विच आणि यूपीएसच्या बॅटऱ्या कार्यालयातच ठेवाव्यात, राउटर आणि स्विचचे सेटिंग आधी करून ठेवावे आणि ही साधने कशी जोडायची हे आपल्याच एका कर्मचाऱ्याला शिकवावे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत पोर्ट आणि जोडण्या लवकर गंजतात, त्यामुळे वर्षातून दोनदा प्रत्यक्ष सफाई करारात असावी.

इंटरनेटची एकच लाइन असणे ही चूक फार बोलण्यासारखी नाही: रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटते, म्हणून वेगळ्या कंपनीची आणि शक्यतो वेगळ्या मार्गाने येणारी दुसरी जोडणी घ्यावी.

चोरीचे सॉफ्टवेअर चालवून वर सुरक्षेची हमी मागू नये.

सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारण्यापूर्वी त्या कंपनीचे किती अभियंते किती ग्राहक सांभाळतात हे विचारावे.

जबाबदारीही बाहेर गेली असे मानणे

पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती हॉटेलात असतात आणि सभासदांची माहिती पतसंस्थेत असते. ती सांभाळायचे काम दुसऱ्याला दिले म्हणून कायद्यापुढील उत्तरदायित्व सरकत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ते माहिती गोळा करून तिचा वापर ठरवणाऱ्यावरच ठेवले आहे, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेचे लॉग (तिच्यात काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. हे कळवायचे कोणी, लॉग ठेवायचे कोणी, हे करारात नाव घालून लिहावे. घटना घडल्यावर ते ठरवत बसले तर सहा तास तेथेच जातात.

बाहेर पडण्याची वाट न ठेवणे

दुपारी प्रस्ताव आला आणि संध्याकाळी तीन वर्षांच्या करारावर सही झाली, असे नवउद्योजक मला वारंवार भेटतात. एवढ्या घाईने कोणी कलमांची बागही विकत घेत नाही. आधी तीन महिन्यांचा प्रयोग करावा, तोही एकाच विभागापुरता. करारात नोटिशीची मुदत, हस्तांतराचा काळ, आपली सर्व माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत देण्याची अट आणि त्या काळात जुन्या पुरवठादाराने नव्याला सहकार्य करण्याचे बंधन लिहून घ्यावे. कराराची समाप्तीही आपल्या धंद्याच्या दिनदर्शिकेप्रमाणे ठरवावी: आंबा व्यावसायिकाने मार्च ते मे टाळावा, हॉटेलवाल्याने दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळावा, आणि भर पावसात सर्व्हर हलवावा लागेल अशी तारीख कोणीच स्वीकारू नये. कोकणात बहुतेकांसाठी ऑक्टोबरचा पूर्वार्ध सोयीचा पडतो: घाट वाहते झालेले असतात, गणपती होऊन गेलेले असतात आणि पर्यटकांची गर्दी अजून सुरू झालेली नसते.